गोदासोबतचे अठरा दिवस

त्या वर्षांत अकोल्याच्या हवेतच कापूस होता. फाल्गुन सरता सरता वारा सुटला की तो बाजारातून उडत यायचा, आमच्या मोगऱ्याच्या कळ्यांवर बसायचा, पाटाच्या पाण्यावर तरंगायचा, भाकरीला चिकटायचा. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई पेटली आहे आणि म्हणून मुंबईच्या दलालांना वऱ्हाडचा कापूस हवा आहे, एवढंच आम्हाला ऐकून ठाऊक. बाकीचं डोळ्यांना दिसत होतं. बाजाराबाहेर पार नदीपर्यंत गाड्यांची रांग लागायची. ज्यांच्या पायात कधी वहाण नव्हती त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. आता मी अमरावतीत असते. साठी उलटून गेली. इथे वाफेवर चालणारे कारखाने झाले, कापूस भिंतीआड गेला. तरी फाल्गुनात दुपारचा वारा अंगावर आला की मला अकोल्याचा तो पांढरा वारा आठवतो, आणि मी वीस वर्षांची होते.

माझं नाव जयवंता. नत्थुजी माळ्याची मी मुलगी. मोर्णेच्या काठी आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेकडेनं झेंडू नि शेवंती. नवव्या वर्षी माझं लग्न तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात, सूर्यभान नावाच्या मुलाशी झालं. ते आमच्याच जातीचे, पण त्यांची काळी जमीन मोठी, घरात माणसं भरपूर. लग्न झालं तरी रीतीप्रमाणे मी माहेरीच वाढत होते. तेराव्या वर्षी मला देवी आल्या. माझी आई तीन आठवडे उशाशी बसून राहिली. माझे हात धरून ठेवायची, मी खाजवू नये म्हणून. मी वाचले, पण डावा डोळा पांढरा झाला आणि सगळा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा. पुढच्या वर्षी आई गेली. ती असती तर पुढचं कदाचित थोडं सोपं गेलं असतं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा सासरची माणसं मला न्यायला आली. माणसं बसायच्या दोन हलक्या गाड्या, दमण्या, आल्या होत्या, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. बापानं अंगण सारवून घेतलं होतं, पुरणाचा स्वयंपाक झाला होता. मी हिरवं लुगडं नेसून दारात उभी. सासू मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या, सरळ माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी दोन बोटांनी माझा पदर मागे सारला. जरा वेळ पाहिलं. मग बापाकडे वळून म्हणाल्या, "आमी पायली होती ते पोरगी हे नाई."

बाप म्हणाला, "तेच हाय, विहीनबाई. माता येऊन गेली तिले. कामाले वाघीण हाय माही लेक."

"कामाले आमच्या घरी गडी हायत."

सूर्यभान दुसऱ्या दमणीत बसला होता. तो खाली उतरलाच नाही. मी एकदाच मान वर करून पाहिलं तेव्हा तो बैलाच्या वेसणीकडे पाहत होता. पाणीसुद्धा न पिता ती माणसं परत फिरली. घुंगरांचा आवाज नदीच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला. पुरण शेजाऱ्यांत वाटायचीही बापाला लाज वाटली. त्यानं ते बैलांना घातलं. वर्षाच्या आत कळलं की सूर्यभाननं दुसरं लग्न केलं. मुलगी आकोटाकडची, नाव गोदा, दिसायला छान. बाप त्या पावसाळ्यात खचला आणि दिवाळी पाहिली नाही त्यानं.

नंतर मी भावाच्या घरात उरले. माझा भाऊ किसनराव. मी त्याला दादा म्हणायचे. वाईट नव्हता तो. पण त्याच्या बायकोला मला कुठे ठेवावं ते समजत नव्हतं. मी विधवा नव्हते, सवाष्ण म्हणावं तर नवऱ्यानं टाकलेली, कुमारिका तर नाहीच. हळदीकुंकवाला बायका आल्या की वहिनी मला मळ्यात पाठवायची. बारसं असलं की सांगायची, "आज तुमी बाजारातच थांबा, वन्स." तिच्या बोलण्यात राग नसायचा, आणि तेच जास्त लागायचं. हळूहळू मी दिवसभर बाजारातच राहू लागले. पाटीत फुलं आणि भाजी घेऊन, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीपासून जरा दूर एका निंबाखाली बसायचे. लोक भाजीकडे बघून बोलत, माझ्याकडे बघून नाही. कधी कधी तर तीन-तीन दिवस भावाच्या शब्दांखेरीज कोणाचा शब्द माझ्या वाट्याला येत नसे.

रोज दुपारी, बाजार ओसरला की एक म्हातारी सांभार घ्यायला यायची. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, काखेत कापडात बांधलेलं एक जाड पुस्तक. तिचं नाव पार्बताबाई. ती गावाबाहेर, पडक्या वेशीपलीकडे एका खोलीत राहायची. किरिस्ताव होती. बायका तिला पाहून पदर सावरून वाट बदलत. तिच्या नवऱ्यानं नागपुरात पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला होता आणि तो गावोगाव हिंडून उपदेश करी. अमरावतीच्या वाटेवर पटकीनं तो आणि दोन्ही मुलं चार दिवसांत गेली. ही एकटी उरली. माहेरी गेली तर सख्ख्या भावानं दार उघडलं नाही. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसे, की ही बाई सांभार घेताना माझ्या तोंडाकडे बघते. दोन्ही डोळ्यांकडे, चांगल्याकडेही आणि पांढऱ्याकडेही.

एका दुपारी ती माझ्यासमोर बसली आणि तिनं मला एक गोष्ट सांगितली. ऐन दुपारी एकटीच विहिरीवर पाण्याला येणाऱ्या एका बाईची. गावातल्या बायका सकाळी येत, ही दुपारी यायची, कारण हिच्याशी कोणाला बोलायचं नव्हतं. त्या दिवशी येशू विहिरीच्या काठावर थकून बसला होता आणि त्यानं तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. त्याच्या लोकांत त्या बाईच्या हातचं चालत नव्हतं, तरी मागितलं.

मी म्हणाले, "तिच्याजोळ मांगतलं असन, बाई. मले कोन मांगते?"

पार्बताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले तहान लागली हाय, पोरी. तुह्या लोट्यातलं पानी दे."

मी गोंधळले. या बाईची जात काय ते मला माहीत नव्हतं. लोटा विटाळला असं वहिनी म्हणाली असती. आणि गंमत अशी की माझ्या मनात आधी आलं ते हेच: मला बाहेर बसवणाऱ्या घराचा लोटा मी सांभाळत होते! मी पाणी दिलं. त्यांनी सगळा लोटा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गोड हाय."

तेवढंच. पण मी त्या दिवशी घरी जाताना नदीत पाय सोडून कितीतरी वेळ बसले होते.

पुढची दीड वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती असं आज वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. दुपारी पाटी रिकामी झाली की मी पार्बताबाईंच्या ओट्यावर जायचे. त्या सांभार निवडत निवडत मला अक्षरं शिकवायच्या. धुळीत बोटानं काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. कापसाचे धागे येऊन त्या अक्षरांवर बसत आणि पार्बताबाई फुंकर मारून म्हणत, "हा काना नाई, कापूस हाय." आम्ही हसायचो. हसताना मी तोंडावर पदर घ्यायचं विसरायला लागले होते.

त्या प्रार्थना करीत ती मोठ्यानं, शेजारी कोणी बसलं असावं तशी. आज काय झालं, कोण बोललं, कोणी तोंड फिरवलं, गुडघा किती दुखला, सगळं. मी एकदा विचारलं, "बाई, उत्तर येते काय?"

"रोज नाई येत."

"मंग काहून बोलता?"

"कोनीतरी आयकून राह्यलं हे समजते, म्हनून." मग म्हणाल्या, "ज्यानं मले उत्तर द्याले पायजे होतं तो माहा भाऊ. त्यानं दार लावलं. मी बाहीर उभी राह्यली तवा मले वाटलं, येशूलेबी असंच बाहीर काढलं होतं गावाच्या. मंग तो बाहीरच असन. माह्या बाजूले."

मी हे ऐकून एकदम मानलं असं नाही. पण मी मळ्यात शेवंतीच्या वाफ्यांत खुरपत असताना हळूच बोलायला सुरुवात केली. आधी लाज वाटायची. काय सांगायचं तेही कळेना, म्हणून मी येशूला रोपांबद्दल सांगायचे. एक दिवस सासूच्या दोन बोटांबद्दल सांगितलं. त्या दिवशी खूप रडले, आणि रडल्यावर पहिल्यांदा असं झालं की मी रिकामी झाले नाही.

दादाच्या कानावर गेलं. तो मळ्यात आला आणि बांधावर उभा राहून म्हणाला, "जया, त्या किरिस्तावणीच्या वट्यावर जानं बंद कर. लोक नावं ठेवून राह्यले."

"लोकाइनं माह्याशी बोलावं मंग, दादा. मी नाई जात."

तो खाली बघून निघून गेला.

चैत्र लागला होता. त्या दिवशी बाजारात तेल्हाऱ्याकडच्या गाड्या आल्या होत्या. माझ्या पाटीपुढे एक माणूस येऊन थांबला. डोक्याला नवा रेशमी फेटा, पण तोंड उतरलेलं. म्हणाला, "झेंडूची आन् मोगऱ्याची फुलं दे. पाटी भरून. देवीले व्हायची हायत."

मी वर पाहिलं आणि ओळखलं. सूर्यभान होता. पाच वर्षांत जाड झाला होता, मिशा आल्या होत्या, पण बैलाच्या वेसणीकडे बघणारे ते डोळे तेच. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखायचं कसं? पाहिलं होतं कधी?

मी फुलं भरता भरता विचारलं, "घरी माता आली काय?"

"हो. बायकोले." तो पाटीतली फुलं चाळवू लागला. "पाच रोज झाले. मायनं तिले मळ्यातल्या खोपटात ठेवलं. लहान पोरगी हाय आमची, दूध पिते, म्हनून. गडीमानसं फिरकत नाईत. एक बुढी होती, तेबी पळाली. मले माय जाऊ देत नाई." आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "हा कापूस आनायचाच होता."

त्यानं फुलं घेतली आणि गेला.

मला आनंद झाला. हे लपवून मला काही मिळवायचं नाही, म्हणून लिहिते. घशाशी कडू लागावं तसा तो आनंद आला: आता कळेल. आता तिच्याही तोंडाकडे कोणी बघणार नाही. मी पाटी तशीच सोडून पार्बताबाईंकडे गेले आणि त्यांना सांगितलं, आनंदासकट सगळं. मला वाटलं त्या रागावतील, नाहीतर पुस्तक उघडतील. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. सुपातला सांभार बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मले सांगतलं, आता येशूलेबी सांग. असंच सांग."

मी ओट्यावर बसून सांगितलं. मनातल्या मनात. तो कडूपणा तसाच सांगितला. आणि सांगता सांगता मला ते खोपट दिसायला लागलं. गोदा नव्हे, मीच दिसत होते. तेरा वर्षांची, अंगाची आग होत असलेली. पण माझ्या उशाशी आई होती. माझे हात तिनं धरले होते. गोदाचे हात कोणी धरले असतील? कोणीच नाही. ती खाजवत असेल. डोळे चिकटले असतील. मला एकदा होऊन गेलं होतं; ज्याला होऊन जातं त्याला पुन्हा होत नाही हे गावातली पोरंसुद्धा जाणत होती. म्हणजे अख्ख्या त्या मुलखात न घाबरता त्या खोपटात शिरू शकेल अशी मी होते. माझा हा चेहरा, ज्यामुळे गाड्या परतल्या, तो त्या दारातून आत जायला चालत होता.

"मी जातो, बाई," मी म्हणाले.

पार्बताबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मीबी आली असती. पन माहे पाय नाई चालत आता." त्यांनी आपली घोंगडी मला दिली.

दादाला सांगितलं तेव्हा तो ओरडला, "त्याइनं तुले हाकललं, आन् तू त्याइची चाकरी कराले चालली?"

"त्याइची नाई, दादा. तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या परतणाऱ्या एका कापसाच्या गाडीत बसले. पूर्णा ओलांडली. दोन दिवसांची वाट. दोन्ही बाजूंना काळी रानं, वेचून उरलेल्या पऱ्हाट्या, मधूनच एखादं बोंड पांढरं. त्या वाटेनं मला नवरीसारखं न्यायचं होतं. मी गाडीच्या मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसले होते आणि मला भीती वाटत होती. रोगाची भीती नव्हती, मनकर्णाबाईंची होती.

पण खोपट गावाबाहेर होतं, आणि तिथे कोणी नव्हतं. दाराला निंबाचे डहाळे, उंबऱ्याबाहेर सुकलेली भाकर, मडक्यात पाणी तळाला गेलेलं. आत गोदा. काय दिसलं ते सगळं सांगत नाही. अठरा वर्षांची मुलगी, अंगाला बोट लावायला जागा नव्हती. तिनं "माय" म्हणून हाक मारली. मी "हो" म्हणाले.

अठरा दिवस मी तिथे होते. पाणी उकळायचं, निववायचं, त्यात धुवट कापड बुडवून तिचे डोळे धुवायचे. दर घटकेला, चिकटू द्यायचे नाहीत. आईनं माझा एक डोळा वाचवला होता, मला हिचे दोन्ही वाचवायचे होते. शेतात उरलेला कापूस वेचून आणला, सरकी काढून पिंजला आणि त्याच्या जाड पिशव्या करून तिच्या हातांना बांधल्या. ती चिडायची, शिव्या द्यायची. मी ज्वारीच्या कण्यांची पेज करून चमच्याएवढी चमच्याएवढी तिच्या तोंडात घालायचे. सासूकडून कोणीतरी बांधावर पीठ ठेवून जायचं. आत कोण आहे हे त्यांना माहीत नव्हतं; कोणी भली बाई आली आहे एवढंच.

मी काम करताना बोलत राहायचे, पार्बताबाईंसारखी, मोठ्यानं. "आज तिचा ताप उतरला नाई. पानी पेली, पन टाकलं. मी थकली. मले झोप येते. तू बस जरा तिच्यापाशी."

आठव्या की नवव्या दिवशी गोदानं डोळे उघडले, दोन्ही, आणि विचारलं, "कोनाशी बोलून राहिली वं तू?"

"येशूशी."

"तो कोन?"

"बाहीर काढलेल्याइच्या सोबतीले राहते तो."

ती माझा चेहरा न्याहाळू लागली. मग म्हणाली, "मले दिसते. तू दिसते. तुलेबी माता आली होती काय?"

"हो."

"तुहं नाव काय?"

मी खोटं सांगू शकले असते. "जयवंता. अकोल्याच्या नत्थुजीची."

तिच्या चेहऱ्यावरच्या खपल्यांमधूनही मला तिची भीती दिसली. ती भिंतीकडे सरकली. "तू मले माराले आली काय?"

"मारासाठी अठरा कोस कोन येते, बाई? तू तर तशीबी मरून राहिली होती."

ती आधी दचकली आणि मग हसली. हसल्यावर खपल्या ताणून तिला दुखलं आणि ती रडली. मीही. त्यानंतर तिनं मला सगळं सांगितलं: लग्नानंतर माझं नाव घरात कोणी घ्यायचं नाही असा दंडक होता, पण ती एकटी असली की मी कशी दिसत असेन ह्याचा विचार करायची. "मले वाटे, तुह्या जागेवर निजते मी," ती म्हणाली. तिचे माहेरचे फक्त एकदा येऊन दुरून पाहून गेले होते. मग ती हळूच म्हणाली, "तुह्या येशूले सांग ना. माही पोरगी मले पाहू दे म्हना."

मी सांगितलं. तिच्यासमोर, मोठ्यानं.

खपल्या गळून पडल्या, मी तिला निंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, आणि मग मनकर्णाबाई आणि सूर्यभान आले. पोरगी मनकर्णाबाईंच्या कडेवर होती. सूर्यभाननं मला पाहिलं आणि तो म्हणाला, "तू तर फुलवाली." मनकर्णाबाईंनी मात्र मला एका नजरेत ओळखलं. तोंड घट्ट मिटलं. मग त्यांनी गोदाकडे पाहिलं. तेच पाहणं. मी त्या दिवसापासून रोज ते पाहणं आठवत होते, त्यामुळे पुढचा शब्द कोणता येणार ते मला माहीत होतं.

"तब्येत सुधरेपर्यंत माहेरी धाडू हिले," त्या म्हणाल्या. "पोरगी आमी सांभाळू."

गोदा उठून उभी राहायला गेली आणि खाली बसली. मी तिच्या आणि सासूच्या मधे येऊन उभी राहिले. मला शब्द कुठून आले माहीत नाही. आवाज चढला नाही माझा, हे आठवतं.

"मामीजी, तुमी एकदा दमणी परतवली. मी दारात उभी होती. मी त्या दिवशी काहीच नाई बोलली, माहा बापबी नाई बोलला, आन् तो त्याच्यानंच मेला. हे माहेरी गेली तर कोनी हिले परत नाई आनत, हे तुमालेबी मालूम हाय, हिलेबी. मले तुमचं काही नाई पायजे. पन हिले धाडसान तर मी तुमच्या दारात बसन, आन् येनाऱ्या-जानाऱ्या गाडीवानाले सांगन की मी कोन हाय."

मग मी सूर्यभानकडे वळले. "आन् तुमी. तवा तुमी गाडीतून उतरले नाई. आता तरी उतरा."

तो गाडीत नव्हताच, पायांवर उभा होता. पण त्याला समजलं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. तो आईजवळ गेला, तिच्या कडेवरून पोरगी उचलली, ती रडत होती, आणि तशीच रडत असलेली पोरगी त्यानं गोदाच्या मांडीवर ठेवली. मनकर्णाबाई बांधावरून चालू लागल्या. घर त्यांचंच होतं. पण त्या दिवसापासून गोदाला कोणी जा म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान खोपटाच्या दाराशी आला. आत आला नाही. म्हणाला, "तूबी राहा. दोघी राहा. मायले मी समजावतो. तुहा हक्क पहिला."

पाच वर्षं मी हेच शब्द ऐकायला तडफडले होते. पाटीमागे बसून, मळ्यात खुरपताना, मी ह्या माणसाला तोंडपाठ केलेली उत्तरं दिली होती. आणि आता मला त्याच्याबद्दल कीव वाटली, जरा मायाही वाटली, पण भूक नव्हती. ती कधी संपली ते मलाही कळलं नव्हतं. मी म्हणाले, "मले अकोल्यात एक बुढी माय हाय. तिचे पाय दुखतात. मी जातो."

गोदा वेशीपर्यंत आली होती, उन्हात, चेहऱ्यावर पदर न घेता.

त्या हिवाळ्यात मी बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेब नागपूरहून अमरावतीला आले होते. मी आणि पार्बताबाई बैलगाडीनं गेलो, बडनेऱ्याच्या पुढे थंडीनं कुडकुडत. दादाला आधी सांगितलं होतं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो रडला, आणि म्हणाला, "मंग माह्या घराचा रस्ता इसर." मला वाटलं होतं, आता देवच जवळ आहे तर हे दुखणार नाही. दुखलं. अकरा वर्षं दुखलं. आम्ही अमरावतीत राहिलो. पार्बताबाई दहा-बारा मुलींना शिकवायच्या, मग मी शिकवू लागले. एका वर्षी लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा तो सगळा डौल एकदम ओसरला. त्यानंतर आगगाडी आली. रविवारी मंडळी जमायची ती पंधरा-वीस माणसांची, प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक बंद झालेलं दार. पण गाणं म्हणताना तेवढी माणसं खूप वाटायची.

पार्बताबाई एका उन्हाळ्यात झोपेतच गेल्या. त्यांचा सगळा संसार एका गाठोड्यात मावला. मी त्यांना रोज आठवते असं म्हणणं खोटं होईल. पण सांभार निवडायला बसले की आठवतेच.

दादा अकराव्या वर्षी आला. आगगाडीनं आला, फुलकोबीचं गाठोडं घेऊन, आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "हे आपल्या मळ्यातली हाय. नवीन लावली." मी त्याला आत घेतलं. माझ्या घरचं पाणी तो प्यायला नाही. पण बसला, दिवसभर बसला, मळ्याच्या विहिरीला किती पाणी आहे ते सांगत. पुढच्या वर्षी आला तेव्हा प्यायला.

आणि गोदा. तिला नंतर दोन मुलगे झाले. सूर्यभान गेला त्या वर्षापासून ती दर नाताळाला माझ्याकडे येते. ती किरिस्ताव झालेली नाही. तिची देवी तिच्या घरी आहे, ती तिला फुलं वाहते आणि मला सांगून वाहते. रविवारी माझ्यासोबत येऊन मागच्या बाकावर बसते आणि गाण्याच्या वेळी शब्द येत नसले तरी ताल धरते. यंदा तिनं सोबत तिची नात आणली होती. नातीनं आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहून विचारलं, "तुमी सख्ख्या बहिनी काय वं?"

गोदानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुह्या आजीले इचार." आणि गोदा तिला आमच्या दोघींच्या मधे बसवून सगळी गोष्ट सांगू लागली, बैलांना घातलेल्या पुरणापासून.